मोतीबिंदूचे भिंग: किंमत विचारण्याआधी माप विचारा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात एकच चर्चा सुरू होते: लेन्स कोणती टाकायची? देशी की परदेशी? साधी की घडीची? शिबिरात मोफत मिळते ती चालेल का, की मुलाने पैसे पाठवले आहेत तर महागडी टाकावी? जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही नेत्ररुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर हीच चर्चा ऐकू येते.

प्रश्न योग्यच आहे, पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो फार कमी लोक विचारतात: माझ्या डोळ्याचे माप कसे घेतले? ऑपरेशननंतर चष्म्याशिवाय किती दिसेल, हे भिंगाच्या किमतीपेक्षा मापाच्या अचूकतेवर जास्त अवलंबून असते.

आकडा ऑपरेशनांचा, प्रश्न नजरेचा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा अनुशेष भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान सुरू केले. २०२२-२३ या एका वर्षात देशात ८३ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. काम मोठे आहे आणि गरजेचेही. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच होते. शंभर अंध व्यक्तींपैकी ६६ जणांची नजर त्यामुळे गेलेली होती.

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मात्र फारसा चर्चेत येत नाही. शंभरातल्या सुमारे ७ जणांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत हे होते. म्हणजे ऑपरेशन झाले, पण नजर आली नाही. अंधत्वापर्यंत न पोहोचलेले, तरीही धड न दिसणारे रुग्ण त्यात धरलेले नाहीत.

म्हणूनच जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ मध्ये मोजण्याची पद्धत बदलली. किती ऑपरेशने झाली एवढेच न मोजता, किती जणांना ऑपरेशननंतर ६/१२ किंवा त्याहून चांगले दिसते, हे मोजायचे ठरले. २०३० पर्यंत हे प्रमाण ३० टक्के अंकांनी वाढवण्याचे उद्दिष्ट आहे. ६/१२ म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर १२ मीटरवरून वाचता येते, ते तुम्हाला ६ मीटरवरून वाचता येणे. भिंतीवरचा हा तक्ता नेदरलँड्सच्या स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठी 'ई' अक्षराचा तक्ता असतो. उघडी बाजू कुठे आहे ते हाताने दाखवायचे. रुग्ण अहिराणी बोलो वा पावरी, तपासणीत अडचण येत नाही.

पहिल्याच भिंगाने दिलेला धडा

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये झाली. डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या पाहण्यात आले होते की, युद्धात विमानाच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा त्यांना त्रास न होता सामावून घेतो. ही काच म्हणजे पर्स्पेक्स नावाचे प्लास्टिक. त्याचेच भिंग करून त्यांनी ते एका रुग्ण महिलेच्या डोळ्यात बसवले.

भिंग डोळ्याने स्वीकारले, पण नंबर पार चुकला. रुग्णाला उणे १८ च्या आसपास नंबर आला, शिवाय मोठा सिलिंड्रिकल नंबर. नैसर्गिक भिंगाचा आकार पाहून कृत्रिम भिंग घडवले होते, पण प्लास्टिक प्रकाशाला जास्त वाकवते. कल्पना क्रांतिकारक होती, माप मात्र चुकले. पुढची सत्तर वर्षे भिंगे जितकी सुधारली, तितकीच मोजण्याची साधनेही सुधारावी लागली, ती यामुळेच.

भारतात सर्वसामान्यांपर्यंत भिंग पोहोचायला वेळ लागला. ऐंशीच्या दशकातली शिबिरे आठवणाऱ्या आजी-आजोबांना अधिक १० नंबरचे, बाटलीच्या तळासारखे जाड चष्मे नक्की आठवतील. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने भिंगे देशात बनवायला सुरुवात केली आणि किंमत सुमारे १० डॉलरपर्यंत खाली आली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला आणि शाळेच्या खोल्यांतली ऑपरेशने हळूहळू रुग्णालयात, भिंगासह होऊ लागली.

भिंगाचा नंबर कसा काढतात?

त्यासाठी प्रामुख्याने दोन मापे लागतात.

पहिले, डोळ्याची लांबी. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक काचेपासून मागच्या पडद्यापर्यंतचे अंतर. बहुतेकांत ते २३ ते २४ मिलिमीटर असते.

दुसरे, त्या पारदर्शक काचेची, म्हणजे कॉर्नियाची, गोलाई. ती केरॅटोमीटरने मोजतात.

ही दोन मापे सूत्रात घालून भिंगाचा नंबर निघतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी दिलेले सूत्र साधे होते: भिंगाच्या प्रकाराचा ठरावीक आकडा घ्यायचा, त्यातून लांबीची अडीचपट वजा करायची आणि गोलाईच्या आकड्याची ०.९ पट वजा करायची. समजा भिंगाचा आकडा ११८.४, लांबी २३.५ आणि गोलाई ४३.५ आहे. उत्तर येते २०.५. आता लांबी चुकून २२.५ मोजली गेली, तर उत्तर येईल २३. एका मिलिमीटरच्या चुकीने भिंग अडीच नंबरने चुकले. चष्म्याचा नंबरही त्यामुळे दोन-अडीचने चुकू शकतो. नंतरची सूत्रे पुष्कळ सुधारली आहेत, पण माप चुकले तर कोणतेही सूत्र वाचवू शकत नाही.

लांबी मोजण्याच्या मुख्य पद्धती दोन. ए-स्कॅन, म्हणजे सोनोग्राफीचाच प्रकार. यात पेन्सिलीसारखा प्रोब कॉर्नियाला टेकवतात. हात किंचित जोरात टेकला की काच दबते, लांबी कमी भरते आणि भिंग जास्त नंबरचे निवडले जाते. प्रोब आणि डोळ्यामध्ये द्रव ठेवून मोजले, तर ही चूक टळते. दुसरी पद्धत प्रकाशाची. १९९९ पासून झाइस कंपनीचे असे यंत्र बाजारात आले. त्यात डोळ्याला स्पर्शच होत नाही आणि माप अधिक अचूक येते.

'पिकू द्या' म्हणण्याचा तोटा

प्रकाशाच्या यंत्राला एक मर्यादा आहे. मोतीबिंदू पांढराशुभ्र, पूर्ण पिकलेला असेल, तर प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचत नाही आणि यंत्र माप देत नाही. मग पुन्हा ए-स्कॅनच करावा लागतो.

आपल्याकडे हे वारंवार घडते. कापूस वेचणी होऊ द्या, लग्नसराई आटपू द्या, उन्हाळ्यात ऑपरेशन नको, आणि सर्वांत घातक म्हणजे 'मोतीबिंदू अजून पिकला नाही'. पिकण्याची वाट पाहण्याचा सल्ला जुन्या काळातल्या शस्त्रक्रियेसाठी होता. आज त्याचा फायदा काही नाही. माप कठीण होते, ऑपरेशन अवघड होते आणि डोळ्यात दाब वाढण्याचा धोकाही असतो. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की तपासणी करून घ्यावी.

उन्हातान्हात शेतात काम करणाऱ्यांत आणखी एक गोष्ट दिसते. डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढते. त्यामुळे कॉर्नियाची गोलाई बदलते आणि माप चुकते. कधी कधी आधी ते मांस काढून, काही आठवडे थांबून मग माप घ्यावे लागते. डोळे कोरडे असतील, तरी आधी थेंबांचा उपचार करतात. डॉक्टर 'थोडे थांबा' म्हणाले, तर ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नका.

पुण्यातला एक अभ्यास काय सांगतो?

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. फेको ही यंत्राने होणारी पद्धत आणि लहान छेदाची, बिनटाक्याची, कमी खर्चाची पद्धत यांची त्यात तुलना केली होती. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसणारे फेकोच्या गटात ८१ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ७१ टक्के. योग्य चष्मा लावल्यावर मात्र दोन्ही गटांत ते ९८ टक्के झाले.

याचा अर्थ रुग्णांसाठी फार महत्त्वाचा आहे. दोन्ही पद्धतींत डोळा बरा झाला होता. फरक होता तो उरलेल्या नंबरचा, आणि तो साध्या चष्म्याने भरून निघाला. पण त्यासाठी सहा आठवड्यांनी कोणीतरी तो नंबर तपासायला हवा.

नाशिकच्या संशोधकाची कल्पना

नेमकी इथेच खान्देशात साखळी तुटते. चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पाड्यावरचा रुग्ण ऑपरेशन करून घरी जातो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, थोडे दिसू लागते, आणि पुढच्या तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी व एस.टी.चे भाडे खर्च करणे त्याला परवडत नाही. नंबर डोळ्यातच राहतो.

मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेले रमेश रास्कर यांनी अमेरिकेतील एमआयटीत या अडचणीवर काम केले. २०१० साली त्यांच्या गटाने 'नेत्रा' हे साधन मांडले. मोबाइलच्या पडद्यावर एक छोटी दुर्बिणीसारखी जोडणी लावायची, आत दिसणाऱ्या रेषा बटण दाबून एकमेकींवर आणायच्या. किती सरकवावे लागले, त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. २०११ मध्ये याच गटाने मोतीबिंदू भिंगात कुठे आणि किती दाट आहे, हे मोजण्याचे 'कॅट्रा' हे साधन मांडले. रास्कर यांना २०१६ साली ५ लाख डॉलरचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला. केनियातही मोबाइलवर 'ई' अक्षर दाखवून नजर तपासण्याचे 'पीक' हे ॲप वापरून पाहिले गेले. २०१५ च्या अभ्यासात त्याचे निकाल नेहमीच्या तक्त्याशी जुळणारे आढळले.

अशी साधने डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढू शकत नाहीत, तसेच पडदा आणि दाबाच्या तपासणीची जागाही घेऊ शकत नाहीत. पण ऑपरेशननंतर गावातच नजर तपासून, कोणाला पुन्हा बोलवायचे हे ठरवायला ती पुरेशी आहेत. मोहिमांच्या खर्चात ऑपरेशनबरोबर सहा आठवड्यांनंतरची तपासणी आणि चष्माही धरला पाहिजे.

महागडे भिंग कोणाला?

साधे, एका अंतराचे भिंग मिळाले म्हणजे कमी दर्जाचे मिळाले, असा गैरसमज आहे. नीट मापाने बसवलेल्या या भिंगाने लांबचे स्वच्छ दिसते, फक्त वाचायला चष्मा लागतो. कॉर्नियाची गोलाई दोन दिशांना बरीच वेगळी असेल, तर टॉरिक भिंगाचा खरा फायदा होतो. लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारे मल्टिफोकल भिंग माप थोडे चुकले तरी निराश करते. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल किंवा काचबिंदू असेल, तर ते सहसा टाळतात. ऑपरेशननंतर विशिष्ट प्रकाशाने नंबर बदलता येणारे भिंगही अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाले. माप कधीच शंभर टक्के बरोबर येत नाही, याचीच ही कबुली आहे. ब्रिटनच्या सरकारी सेवेसाठी २००९ मध्ये सुचवलेला निकषही हेच सांगतो: शंभरातल्या ८५ रुग्णांचा नंबर अपेक्षेपासून एकच्या आत असावा, ५५ जणांचा अर्ध्याच्या आत. थोडा नंबर राहिला म्हणजे ऑपरेशन बिघडले असे नाही.

ऑपरेशनआधी आणि नंतर हे विचारा

• लांबी कोणत्या पद्धतीने मोजली? दोन्ही डोळ्यांची मोजली का? दोन डोळ्यांत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर माप पुन्हा घेतले का?

• कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल किंवा पूर्वी चष्मा घालवण्याचे लेसर ऑपरेशन झाले असेल, तर ते माप घेण्याआधीच सांगा.

• ऑपरेशननंतर लांबचे चष्म्याशिवाय दिसावे की जवळचे? शिवणकाम, किराणा दुकानाचा हिशेब, ट्रॅक्टर चालवणे, तुमचे काम काय ते डॉक्टरांना सांगा.

• भिंगाच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. त्यावर भिंगाचे नाव, नंबर आणि अनुक्रमांक असतो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ते कामी येते.

• चार ते सहा आठवड्यांनी नंबर तपासून घ्या. चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह किती दिसते, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा. जिल्ह्याला जाणे जमत नसेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना भेटा.

• चष्मा लावूनही ६/१२ पर्यंत दिसत नसेल, तर कारण विचारा. पडदा, काचबिंदू किंवा भिंगामागच्या पिशवीवर आलेली जाळी यांपैकी काही असू शकते. जाळी लेसरने काही मिनिटांत निघते.

ऑपरेशननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अचानक कमी झाली, तर सहा आठवडे थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. तुमच्या डोळ्याबद्दलचा निर्णय तुमच्या नेत्रतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.