जुनी डिस्क

परवा एकाने फोन करून माझ्याकडची 'जीटीए : व्हाइस सिटी'ची पीएस२ची डिस्क विकत मागितली. कव्हर, पुस्तिका, नकाशा सगळं शाबूत आहे म्हटल्यावर त्याने सांगितलेला भाव मी दिलेल्या किमतीच्या चौपट होता. बायको म्हणाली, "देऊन टाक की. तोच गेम नवा करून मिळतोय ना आता?"

मुद्दा बिनतोड वाटतो. तरी मी नाही म्हणालो. का, ते सांगतो.

हा गेम २००२ चा. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो फुटपाथवरच्या चोरीच्या सीडीवर, पीसीवर खेळला, मीही त्यातलाच. अस्सल डिस्क नोकरी लागल्यावर सेकंडहँड घेतली. थोडी हौस, थोडं प्रायश्चित्त! तेव्हा जुन्या डिस्कना कुणी विचारत नव्हतं.

मग नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने हा आणि आणखी दोन जुने जीटीए नव्याने सजवून एकत्र आणले. त्याच्या महिनाभर आधी जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढून टाकल्या. नव्यात चुकाच इतक्या की कंपनीला माफी मागावी लागली आणि पीसीवरचे जुने गेम परत विकायला ठेवावे लागले. पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पण मूळ गेममध्ये सुरुवातीला गाडीत बसलं की रेडिओवर मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' वाजतं, ते नव्यात नाही. गाण्यांचे परवाने संपतात, आणि मग गाणी गळतात. माझ्या डिस्कवरचं गाणं मात्र कुणालाच काढता येत नाही.

रीमेकशी माझं वैर नाही. १९९८ च्या 'रेसिडेंट इव्हिल २'चा २०१९ मधला रीमेक मला मूळ गेमपेक्षा आवडला. भाचा तर जुन्याला हातही लावत नाही. पण जुनं नाटक नव्या संचात आलं म्हणून पहिल्या प्रयोगाची कॅसेट कुणी पुसत नाही ना? गेमच्या बाबतीत नेमकं तेच होतं, आणि आपण त्याला प्रगती म्हणतो.

आता भावाचं. रीमेक आला की ज्यांना नुसतं खेळायचंय ते तिकडे वळतात आणि जुन्याचा भाव कधी उतरतो; जुना मिळेनासा झाला की चढतो. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४'ची एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. सीलबंद प्रत! म्हणजे उघडून खेळलात की किंमत गेली. याला मी संग्रह म्हणणार नाही, ही मुदत ठेव झाली. संग्रह करायचा तो गेम चालता राहावा म्हणून.

अर्थात डिस्कही अमर नाही. तिच्यावर ओरखडे आहेत आणि माझ्या पीएस२ची लेन्स हल्ली कुरकुरते. म्हणूनच कपाटात जपून ठेवण्यापेक्षा लोकांना बोलावून खेळलेलं बरं.

त्या फोनवाल्याला म्हटलं, विकत नाही, पण खेळायला या. शनिवारी येतोय. लेन्सने साथ दिली तर गाडीत बसून 'बिली जीन' ऐकू.