चार वाजताची कॅडबरी

दुपारचे चार वाजले, की आपलं काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. डबा केव्हाच जिरलेला असतो, बॉसचा मेल नुकताच येऊन पडलेला असतो आणि घरी जायला अजून किमान तीन तास असतात. डोळे स्क्रीनवर आणि हात आपोआप ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरमध्ये काय? अर्थात, कॅडबरी! (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे वडी असली की ती कॅडबरी आणि गोळी असली की ते चॉकलेट. हा हिशोब आता काही बदलत नाही.)

माझं ऑफिस म्हणजे घरातलं डायनिंग टेबल, त्यामुळे माझा ड्रॉवर म्हणजे फ्रिजचं दार. डेडलाइन असली की एक, आणि एडिटरचा फोन येऊन गेला की दुसरी. असं मजेत चाललं होतं. मग एकदा बाबांच्या तपासण्यांसाठी घरी आलेल्या लॅबवाल्याला आईनं सहज सांगितलं, 'हिचंही रक्त घेऊन टाका.' रिपोर्ट आला. एचबीएवनसी ५.९.

ज्यांना हा आकडा कळत नाही ते सुखी लोक आहेत. ५.७ च्या खाली असलात तर ठीक, ६.५ किंवा त्याच्या वर गेलात तर डायबेटिस आणि मधला पट्टा म्हणजे प्री-डायबेटिस. बाबांना डायबेटिस, त्यांच्या आईलाही होता. म्हणजे रांगेत पुढचा नंबर माझाच. वय वर्षं अठ्ठावीस!

डॉक्टरांना म्हटलं, 'आजपासून गोड बंद.' ते हसले. म्हणाले, 'तुझे बाबाही दर सहा महिन्यांनी मला हेच सांगतात. बंद करू नकोस, मोज.'

मग मोजायला बसले

चाळीस ग्रॅमची साधी मिल्क चॉकलेटची वडी घ्या आणि उलटी करून बारीक अक्षरं वाचा. मिल्क चॉकलेटमध्ये साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त साखरच असते. म्हणजे एका वडीत वीसेक ग्रॅम, चार-पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगून ठेवलंय, की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे चार वाजता माझा अख्ख्या दिवसाचा कोटा जवळजवळ संपत होता आणि चहा अजून बाकीच होता.

मग डार्क चॉकलेट घ्यावं ना? घेतलं. वेष्टनावर 'डार्क' ठळक सोनेरी अक्षरांत आणि मागे घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं! यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, हे लक्षात ठेवा. जे पहिलं, ते सगळ्यात जास्त. खरंखुरं ७५ टक्के वालं मिळतं, पण त्याची किंमत बघून फ्रीलान्सरला चार वाजता नाही, महिनाअखेरीलाच आठवण यावी.

म्हटलं, घरीच करू. त्यात काय एवढं?

त्यात काय काय होतं

पहिला प्रयत्न तुम्हीही केला असणार. माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलींच्या आयांनी कधी ना कधी होममेड चॉकलेटचा क्लास केलेला आहे. बाजारातून स्लॅब आणायची, वितळवायची, साच्यात ओतायची, रंगीत कागदात गुंडाळायची. पण ती स्लॅब बहुतेक वेळा कंपाउंड असते. म्हणजे कोकोच्या झाडाची चरबी काढून तिच्या जागी स्वस्तातली वनस्पती चरबी घातलेली, आणि साखर भरपूर. आपण फक्त तिचा आकार बदलतो. ट्रान्स फॅटचं म्हणाल, तर १ जानेवारी २०२२ पासून भारतात तेलं आणि चरबी यांच्यात ते २ टक्क्यांहून जास्त असायला परवानगी नाही, त्यामुळे ती भीती बरीच कमी झालीय. साखर मात्र होती तिथेच आहे.

दुसरा प्रयत्न: खोबरेल तेल, कोको पावडर आणि मध. एकदम हेल्दी वाटतं ना ऐकायला? मध घातला आणि गुळगुळीत मिश्रणाचा क्षणात ओल्या वाळूसारखा गोळा झाला. मधात १७-१८ टक्के पाणी असतं. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे कोरडे कण. त्यात थोडंसं पाणी गेलं, की कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चरबी बाजूला राहते. म्हणूनच ओला चमचा, झाकणावरून गळलेलं वाफेचं पाणी, पातळ इसेन्स, काहीही चालत नाही. गुळाचंही तेच, त्यात ओल असते. शिवाय रक्ताला गूळ, मध आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. तो फरक आपल्यालाच कळतो, तोही मनातल्या मनात.

तिसरा प्रयत्न: खोबरेल तेल, कोको आणि दळलेली साखर. जमलं! डब्यात भरून मैत्रिणीच्या ऑफिसला निघाले. दादरहून अंधेरी, स्लो लोकल. डबा उघडला तर आत चॉकलेटी आमटी. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, हे कळायला विज्ञानाची डिग्री लागत नाही. थंडीत तेलाची बाटली उन्हात ठेवणारी आजी आपण सगळ्यांनी बघितलीय. मुंबईत आठ-दहा महिने तर ती ठेवावीही लागत नाही. मैत्रीण बिचारी गुणी. तिनं ते पोळीला लावून खाल्लं.

मग शोध लागला कोको बटरचा. कोकोच्या बीमधली ही मूळची चरबी साधारण ३४ अंशांना वितळते. शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली. म्हणूनच चांगलं चॉकलेट हातात घट्ट राहतं आणि जिभेवर विरघळतं. सगळी जादू त्या दोन-तीन अंशांत आहे.

चौथ्यांदा जमलेलं चॉकलेट

साहित्य: कोको बटर १०० ग्रॅम, बिनसाखरेची नॅचरल कोको पावडर ८० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ. आवडत असेल तर वेलदोड्याची किंवा जायफळाची पूड. वरून घालायला भाजलेले शेंगदाणे, बदाम किंवा तीळ, अगदी कोरडे.

खरेदी: मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत कोको बटर मिळतं. मात्र ते फूड ग्रेड आहे ना, हे विचारा. त्वचेला लावायचं कोको बटरही बाजारात असतं! पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बघून घ्या.

कृती: साखर मिक्सरमध्ये अगदी पिठीसारखी दळा. साखर आणि कोको एकत्र दोनदा चाळा. मोठ्या पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा. उकळी फुटू लागली की गॅस बंद. त्यावर कोरडं स्टीलचं भांडं असं बसवा, की तळ पाण्याला लागणार नाही. आता त्यात कोको बटर घाला, पण एक पंचमांश बाजूला ठेवून. ते वितळलं की भांडं उतरवा, बूड पुसा आणि चाळलेली पूड थोडी थोडी घालत ढवळत राहा. मीठ घाला. दहा मिनिटं तरी ढवळा, कंटाळा करू नका. कारखान्यात हेच काम यंत्रं तासन्‌तास करतात. स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये घोटण्याचं ते यंत्र काढलं, तेव्हापासून चॉकलेट आजच्यासारखं मऊसूत झालं. घरचं चॉकलेट किंचित रवाळ लागणार, हे आधीच मान्य करून टाका.

मिश्रण कोमट झालं, म्हणजे ३३-३४ अंशांवर आलं, की बाजूला ठेवलेलं कोको बटर बारीक किसून त्यात मिसळा. विरजणासारखंच आहे हे. त्या किसातले घट्ट, नीट बसलेले स्फटिक बाकीच्या चरबीला तसंच जमायला शिकवतात. मग वडीला चमक येते आणि मोडताना 'टक्' असा आवाज होतो. थर्मामीटर नसेल तर थेंब खालच्या ओठाला लावून बघा. गरम लागता कामा नये. साच्यात किंवा बटर पेपर घातलेल्या ताटलीत ओता, ताटली दोनदा आपटा म्हणजे बुडबुडे जातील. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि चोवीस समान वड्या पाडा.

आवाज आला नाही आणि दोन दिवसांनी वर पांढरट थर आला, तर फेकू नका. ती बुरशी नाही, वर आलेली चरबी आहे. चवीत थोडा फरक, तब्येतीला काही नाही.

आता खरा हिशोब

एकूण २४० ग्रॅममध्ये १८० ग्रॅम कोकोचं म्हणजे तुमचं ७५ टक्के डार्क चॉकलेट तयार. चोवीस वड्यांत साठ ग्रॅम साखर, म्हणजे एका वडीत अडीच ग्रॅम. अर्धा चमचा! साखर तुम्हीच दळलेली असल्यामुळे त्यात कुठलीही बारीक अक्षरं नाहीत.

पण 'घरचं म्हणजे हेल्दी' असं म्हणून अर्धा डबा संपवणार असाल तर थांबा. कॅलरी कमी झालेल्या नाहीत. एका वडीत पन्नास-साठ कॅलरी आहेतच, कारण साखरेची जागा चरबीनं घेतलीय. कोको बटरमध्ये साठेक टक्के सॅच्युरेटेड फॅट असतं. त्यातला मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा आणि ते कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही, एवढाच दिलासा. खोबरेल तेलात तर ऐंशी टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅट असतं आणि हा दिलासाही नाही.

आणि ते हृदयाला चांगलं वगैरे? कोकोमधल्या फ्लॅव्हनॉल्सवर अमेरिकेत २१ हजारांहून जास्त ज्येष्ठांना घेऊन मोठी चाचणी झाली. तिचे निकाल २०२२ मध्ये आले. हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी दिसले, पण झटके वगैरे सगळं मिळून धरलं तर ठोस फरक नाही. शिवाय लोकांना रोज कॅप्सूल दिली होती, कॅडबरी नाही! त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'नं २८ डार्क चॉकलेट्स तपासली, तर सगळ्यांत थोडंफार शिसं आणि कॅडमियम सापडलं. ते कोकोबरोबरच येतं, म्हणजे आपल्या कोको पावडरीतही असू शकतं. घाबरू नका, पण डार्क आहे म्हणून रोज पाटी भरून खाऊही नका.

एक टिप मात्र पक्की. कोको पावडर घेताना घटकांत 'आयएनएस ५००' किंवा '५०१' दिसलं, तर ती अल्कली लावलेली आहे. हॉलंडच्या व्हॅन हाउटन कुटुंबाची ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती. रंग गडद होतो, आंबटपणा जातो आणि त्याबरोबर बरेचसे फ्लॅव्हनॉल्सही जातात. फिकट तपकिरी, जरा आंबूस लागणारी नॅचरल पावडर घ्या.

फ्रिजमधला डबा

पहिला जमलेला डबा फ्रिजमध्ये ठेवला, तर संध्याकाळी बाबा त्याच्याभोवती घुटमळताना दिसले. बाबांचं गोड गेली नऊ वर्षं 'बंद' आहे. म्हणजे घरात बंद आहे. स्कूटरच्या डिकीत चॉकलेटचे कागद सापडतात, ते आम्ही कुणी बोलून दाखवत नाही.

या वेळी म्हटलं, 'बाबा, आधी डॉक्टरांना विचारू.' विचारलं. डॉक्टर म्हणाले, 'जेवणानंतर एक वडी, तीही लपून नाही. आणि अधूनमधून दोन तासांनी शुगर बघायची.' बाबांनी फ्रिजच्या दारावर कागद लावला, दोघांच्या नावाचे दोन रकाने. रोज एकेक फुली. चोवीस वड्या, दोन माणसं, बारा दिवस. माझी चार वाजताची आणि त्यांची रात्री साडेनऊची. डिकी गेले तीन महिने रिकामी आहे. मी मुद्दाम बघितली.

माझा परवाचा आकडा ५.७. नुसत्या वडीमुळे नाही. चहातली साखर गेली, जिने चढणं आलं. पण मोजायची सवय लागली ती वडीपासूनच.

गेल्या आठवड्यात मात्र हिशोब चुकला. फुल्या चौदा आणि डब्यात नऊच वड्या. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. भांडण पेटणार, इतक्यात आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, 'एक मी खाल्ली. इतकी वर्षं मला कुणी विचारलंय का, तुला हवी का म्हणून?'

आता कागदावर तीन रकाने आहेत आणि डबा आठ दिवसांत संपतो. या वीकेंडला तुम्हीही करून बघा. फक्त वड्या पाडण्याआधी घरातली माणसं नीट मोजून घ्या!