बर्फाचा नांगर, टेबलावरचा

नांगर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बैलजोडी आणि काळी भुई उभी राहते. अमेरिका-कॅनडात मात्र नांगर रुळांवरूनही चालतो. तिकडे हिवाळ्यात रुळांवर पुरुष-दीडपुरुष बर्फ साचते, आणि ते फाडत गाडीला वाट करून देणाऱ्या डब्याला तिथे नांगरच म्हणतात. या नांगराची लहानशी प्रतिकृती सुट्या भागांतून जोडणे हा तिकडचा जुना छंद आहे. परदेशातल्या एखाद्या मामाने भाच्यासाठी असा खोका पाठवला, तर तो कसा जोडायचा ते आज पाहू.

आधी खरा नांगर समजून घ्या, म्हणजे हातातला तुकडा कोणता ते कळेल. पेनसिल्व्हेनियातील रिजवे गावच्या रसेल कंपनीचे नांगर फार नावाजलेले. पुढे पोलादी पाचर, मागे लाकडी किंवा लोखंडी डबा, वर टेहळणीची छोटी खोली. या नांगराला स्वतःचे इंजिन नसते. मागून एक-दोन इंजिने त्याला बर्फात ढकलतात. दोन्ही अंगांना पंख असतात. ते हवेच्या दाबाने उघडले की वाट रुंद होते. बोगदा किंवा पूल आला की ते मिटावे लागतात. पोटाखाली रुळांच्या मधले बर्फ खरवडणारे पाते असते, तेही रस्त्याच्या फाटकाजवळ उचलायचे. वरच्या खोलीतल्या माणसाचे लक्ष चुकले तर पंख पुलाला धडकलाच.

दुसरी जात फिरत्या पात्यांची. तिची मूळ कल्पना १८६९ साली टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दंतवैद्याने काढली. दातांचा वैद्य आणि बर्फाचे यंत्र, जमले खरे! पण नवशिक्याने पाचरीचाच खोका घ्यावा. फिरत्या पात्याला बारीक तुकडे फार.

हे यंत्र असूनही निसर्ग कधी ऐकत नाही. जानेवारी १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरात ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही गाडी २२६ माणसांसह बर्फात रुतली. सोडवायला आलेले नांगरही रुळांवरच गोठून बसले. माणसे बाहेर निघायला तीन दिवस लागले.

आता खोका उघडा. ‘एचओ’ मापाची प्रतिकृती खऱ्याच्या ८७ वा हिस्सा असते, म्हणून खरे रूळ १४३५ मिलिमीटर अंतरावर, तर हे साडेसोळावर. प्लॅस्टिकचे भाग चौकटीला चिकटलेले असतील. साच्याचे तेल जावे म्हणून ते साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. भाग पिरगाळून तोडू नका. बारीक कटरने कापा, टोक कानशीने घासा. चिकटवण्याआधी प्रत्येक जोड कोरडाच लावून पाहा. यात घाई केली की पाचरीच्या दोन बाजू जुळत नाहीत आणि नाक वाकडे दिसते. प्लॅस्टिक जोडायचे पातळ रसायन बारीक कुंचल्याने फटीच्या कडेला टेकवले की ते आपोआप आत ओढले जाते. त्याचा वास उग्र असतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ चूल नको आणि पाते मोठ्या माणसाच्या हाती असू द्या.

छत चिकटवण्याआधी मात्र थांबा, कारण खरी मेख वजनात आहे. कुळवावर आपण दगड ठेवतो, नाहीतर पोराला बसवतो, कशासाठी? पास जमिनीत बसावी म्हणून. इथेही तेच. हलका नांगर दाबलेल्या बर्फावर चढतो आणि रूळ सोडतो, म्हणून खऱ्या नांगरातही जड भार घालत. छोट्या डब्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा हिशेब असा: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची डबा असेल तर चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. लोखंडी नट चालतील. ते तळाशी, पाचरीच्या मागे, पक्के बसवा. सुटे राहिले तर खुळखुळतील.

पंख उघडे चिकटवायचे की मिटलेले, हे तुमच्या रुळांवर ठरवा. उघडे दिसतात झोकदार, पण मांडणीत बोगदा किंवा फलाट असेल तर अडकतील. माझे मत मिटलेल्याला.

रंग शेवटी द्या, पातळ हाताने दोनदा. वाळला की नांगर रुळावर ठेवून मागून इंजिनाने ढकलून पाहा, तेही वळणावर, हळूहळू. नाक उचलले, तर छत सोडवून आणखी दोन नट पुढच्या बाजूला टाका.