पाणी शुद्ध, पण टाकीचं काय?

सौदीत नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच जूनमध्ये एक उलटं गणित शिकावं लागतं. थंड पाण्याच्या नळाला हात पोळेल असं पाणी येतं. म्हणून जुनी मंडळी उन्हाळाभर गीझर बंद ठेवतात आणि 'गरम' नळाचं पाणी थंड म्हणून वापरतात. गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो. टाकी मात्र गच्चीवर, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. गावाकडे हा किस्सा सांगितला की सगळे हसतात. पण अशा कोमट पाण्यात दिवस दिवस काय वाढतं, हे आपल्यापैकी फारच थोडे विचारतात.

इथल्या पाण्याबद्दल आपल्या लोकांत दोन टोकाची मतं आहेत. एक गट म्हणतो, समुद्राचं गोडं केलेलं पाणी, त्यात कसले जंतू? दुसरा म्हणतो, नळाला तोंडच लावू नका. मला दोन्ही आळशी उत्तरं वाटतात. या देशात बारमाही नदी एकही नाही. रियाधला पाणी येतं ते बरंचसं जुबैल आणि रास अल-खैरच्या प्रकल्पांतून, चारशेहून जास्त किलोमीटर लांब आणि सुमारे सहाशे मीटर उंच चढवून. प्रकल्पातून निघतं तेव्हा ते उत्तम असतं. खारेपणा काढल्यावर त्यात पुन्हा क्षार घालतात, क्लोरीन घालतात. तक्रार तिथं नाहीच.

तक्रार सुरू होते शेवटच्या पन्नास फुटांत. बऱ्याच वस्त्यांत पाणी रोज येत नाही, ठरलेल्या दिवशी येतं. ते इमारतीच्या तळाच्या खज्जानमध्ये साठतं, तिथून पंपानं गच्चीवर चढतं. कमी पडलं तर 'वायत' म्हणजे टँकर बोलावतात. जुन्या वस्तीत मैल्याची टाकी आणि पिण्याच्या पाण्याची टाकी एकाच अंगणात असू शकते. झाकण फुटलं, भिंतीला तडा गेला की पुढचं सांगायला नको.

आणि काही फुटलं नाही तरी वेळ आपलं काम करतेच. नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणी जितकं गरम आणि जितकं शिळं, तितकं ते क्लोरीन लवकर उडतं. मग टाकीच्या भिंतीवर तो बुळबुळीत थर धरतो आणि त्याच्या आडोशाला जिवाणू मजेत राहतात. पंचवीस ते पंचेचाळीस अंश म्हणजे लिजिओनेला या जिवाणूची हक्काची जागा. तो पोटात जाऊन नव्हे, शॉवरच्या तुषारांतून छातीत जाऊन त्रास देतो, म्हणजे बाटलीचं पाणी पिणाऱ्यालाही सूट नाही. आपला तो लाडका बंद गीझरही याच तापमानात असतो बरं का.

आता आपलं वेळापत्रक बघा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, निम्मी इमारत भारतात. तेच पाणी त्याच टाकीत, वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात, आठवडेच्या आठवडे उभं. परत आल्यावर आपण फ्रिज धुतो, एसीच्या जाळ्या धुतो, नळ मात्र सोडतो आणि पोरांना आंघोळीला पाठवतो. खरं तर आधी खिडक्या उघडून सगळे नळ दहा मिनिटं सोडावेत, शॉवरची जाळी काढून घासावी, गीझर साठ अंशांवर तापवून घ्यावा. टाकी तर आपण यायच्या आधीच उपसून घासून घेतलेली हवी.

'आम्ही पाच गॅलनची बाटली आणतो' हे उत्तर मला नेहमी मिळतं. भाजी कशानं धुता? चूळ कशानं भरता? शिवाय एका खोलीत आठ जण राहणाऱ्या आपल्याच कामगार भावांना ते उत्तर परवडत नाही. ते टाकीचंच पितात आणि कंपनीला जाब विचारायची त्यांची हिंमत नसते. आपली असते. मंडळाच्या गणपतीला वर्गणी काढणारे आपण, क्लोरीन तपासायच्या चार किटसाठी काढू शकत नाही का? पोहण्याच्या तलावासाठी मिळणारं साधं किटही चालतं.

बाटलीवरचा हा विश्वास पुण्यानं जानेवारी 2025 मध्ये पारखून घेतला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला आणि संशय पाण्यावर गेला. विहिरीच्या पाण्याची चर्चा झालीच, पण लोक 'शुद्ध' म्हणून ज्यांचे जार आणत होते, त्या खासगी आरओ प्रकल्पांवरही महापालिकेला कारवाई करावी लागली. इथं बसून तेव्हा आपण सगळे घरी फोन करत होतो. साथ ओसरली, फोनमधला तो विषयही ओसरला.

एकदा पाणी तपासून प्रमाणपत्र भिंतीला लावणं, याचा काही उपयोग नाही. तो अहवाल त्या दिवसापुरता. आपल्याकडच्या ग्रामपंचायतींना हे केव्हाच कळलंय. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते, धोक्यानुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं आणि गावात साथ नाही, तर चंदेरी. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी टेस्टचा पिवळा रंग बघतो. कागदावर किती आणि खरं किती, हा वाद आहेच. पण पद्धत बरोबर आहे. मक्केत झमझमचं पाणी, ज्यावर कोट्यवधींची श्रद्धा, तेही गाळून, अतिनील किरणांखालून नेऊनच वाटलं जातं. श्रद्धेला त्यानं धक्का लागला नाही.

तेव्हा इमारतीच्या हारिसला विचारा, टाकी शेवटची कधी धुतली? महिना सांगितला तर दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी परत विचारा. मालक 'इन्शाल्ला, बुकरा' म्हणेल. मग बुकरा पुन्हा विचारायचं. आणि या शुक्रवारी घरी फोन कराल, तेव्हा आईबाबांनाही हाच प्रश्न विचारा. सोसायटीच्या टाकीची किल्ली कुणाकडे असते, इथूनच बहुतेकांची शोधाशोध सुरू होईल.