भाव मागाहून घालावयाचा काय?

पियानो शिकविणाऱ्या पुष्कळ मंडळींत हल्ली एक मत इतके रूढ झाले आहे की, ते केवळ मत आहे याचीही आठवण कोणास राहिलेली नाही. ते मत असे : प्रथम स्वर बिनचूक बसवावे, मग मेट्रोनोमचा आकडा थोडाथोडा चढवीत वेग नेमलेल्या ठिकाणी न्यावा, आणि इतके साधल्यावर सवडीने भाव घालावा. जणू भाव म्हणजे शिऱ्यावर शेवटी पेरावयाचे बेदाणेच! हे मत चुकीचे आहे, आणि रोमँटिक संप्रदायाच्या रचनांपुरते तर ते घातक आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

गेल्या सुटीत केंदूरास आमच्या घरी पुतण्याची मुलगी आली होती. ती पुण्यास पियानो शिकते. येताना तिने आपला विजेवर चालणारा पियानो बरोबर आणला होता व परीक्षेसाठी शोपाँचे ई फ्लॅट मेजरमधील नॉक्टर्न, म्हणजे ओपस 9 मधील दुसरे, ती बसवीत होती. फोनमधील मेट्रोनोम टकटक करी आणि पोर त्याच्यामागे धावे. वाजविणे निर्दोष, पण ऐकवत नव्हते. मी तसे म्हणताच ती म्हणाली, "आजोबा, भाव नंतर. आधी 132 व्हायला हवेत, अजून शंभरच झालेत." आणि मग हळूच, "मला आता हे वाजवावंसंच वाटत नाही." हे दुसरे वाक्य मला विसरता येत नाही. परीक्षेच्या पायऱ्या चढून गेल्यावर वाद्याला पुन्हा हात न लावणारी किती तरी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या कंटाळ्याचे मूळ कोठे आहे ते त्या दिवशी मला कळले.

प्रथम त्या 132 चाच विचार करू. 1832 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या रचनेवर तो आकडा आहे खरा. पण तो सर्वांत लहान चालणाऱ्या मात्रेचा आहे. रचनेचा प्रत्येक ठोका अशा तीन मात्रांचा. म्हणजे ठोके पडतात मिनिटाला केवळ 44, निजलेल्या माणसाच्या नाडीहूनही सावकाश! डाव्या हाताने एक खर्जातला स्वर व त्यामागून दोन हलके स्वरगुच्छ, ही त्या ठोक्याची चाल. जी रचना मुळात विलंबित आहे ती धावत गाठावयाची शर्यत म्हणून मुलीच्या हाती दिली गेली. आकडा वाचला, पण तो कशाचा हे कोणी सांगितले नाही.

आता लयीकडे वळू. मेल्झेलने मेट्रोनोमचे पेटंट 1815 साली घेतले. शोपाँच्या पियानोवर तो नेहमी असे, हे त्याचा शिष्य मिकुली यानेच नमूद केले आहे. तेव्हा यंत्राशी माझे वैर नाही. पण तोच मिकुली असेही सांगतो की, साथ करणारा हात लयीत पक्का राही व गाणारा हात मोकळा असे. रुबातो तो हाच. आपल्याकडे ठेका स्थिर असतो आणि गवई त्यावर मागेपुढे रेंगाळून नेमका समेवर येतो. ते ज्याने ऐकले आहे त्याला हे निराळे समजावून द्यावयास नको. अवघड जागी अडखळून त्यालाच भाव म्हणणारे लोक आहेत. त्यांचा कैवार मी घेत नाही. परंतु उजव्या हाताला सहा महिने यंत्राच्या खुंटीला बांधून ठेवावे आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याने मोकळे चालावे, ही अपेक्षा विलक्षणच नव्हे काय?

केंदूर हे कान्होराजमहाराज पाठकांचे गाव. रात्री देवळात भजन सुरू झाले की अभंग संथ उचलला जातो, पखवाज त्याला धरून असतो, आणि लय चढते ती गाणाऱ्यांच्या ओढीने. नवखा टाळकरी पोरगाही तेथे आधी कोरडे टाळ शिकून मागाहून भक्ती शिकत नाही. मुलीला मी दोन रात्री तेथे नेले, व तिसऱ्या दिवशी पियानोला हात न लावता ती सुरावट गावयास सांगितली. श्वास कोठे संपतो ते तिचे तिलाच उमगले.

"पण सावकाश वाजविताना भाव कसा राहील?" असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. पेटीचा स्वर भात्याच्या जोरावर टिकतो. पियानोची पट्टी दाबली की स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून विझू लागतो. लय फारच उतरविली तर एक स्वर दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही व ओळ तुटते. म्हणूनच सबंध रचना रांगत वाजवू नये. एकच ओळ घ्यावी. डावा हात एकटा, खर्ज किंचित खोल आणि गुच्छ अगदी हलके, असा वाजवावा. मग ओळ गाऊन, तिचा चढउतार ठरवून, ऐकवेल इतक्याच संथपणे दोन्ही हातांनी म्हणावी. सुरावट पुन्हा पुन्हा येते व प्रत्येक खेपेस नवे अलंकार लेऊन येते. तेव्हा आधी ती अलंकारांवाचून वाजवावी, म्हणजे दागिन्यांखालची मूर्ती हरवत नाही. अशा रीतीने वेग आपोआप येतो असे मी म्हणत नाही. तोही कष्टानेच येतो. पण तो ओळीचा वेग असतो, यंत्राचा नव्हे.

परीक्षेला आकडा लागतो, असे शिक्षक म्हणतील. लागो. पण त्याच छापील पानावर, शेवटाकडे, रचनाकाराने 'थोडे रुबातो' असे लिहिले आहे, आणि अखेरच्या बारीक स्वरांच्या लडीवर तर 'लयीवाचून' अशी स्पष्ट सूचना दिली आहे. ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांनी मेट्रोनोम चालू ठेवून तेवढी लड वर्गात एकदा वाजवून दाखवावी.