श्रमाचा वाटा, सत्तेचा नाही

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्यप्रकल्प सुरू केला. तेथे खेड्यांतील निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांच्या हाती केवळ औषधे नव्हेत, तर वैद्यकीय ज्ञानच सोपविले गेले. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग यांबाबत गाव त्यांचा शब्द मानू लागले. ज्ञानाची मक्तेदारी मोडल्यावाचून सत्तेची वाटणी होत नाही, हाच त्याचा अर्थ.

२००५ मध्ये सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेने मात्र कामाचा बोजा खाली ढकलला. अधिकार वरच राहिले. शासनाच्या लेखी आशा आजही ‘स्वयंसेविका’. तिला वेतन नाही, मानधन व कामागणिक मोबदला मिळतो. राबवून घ्यायचे आणि निर्णयाच्या वेळी वगळायचे, ही सरंजामी रीत झाली. नियमित वेतन आणि आरोग्यकेंद्राच्या नियोजनात मताचा हक्क, या दोन्ही मागण्या कार्यकर्त्यांनी एकत्रच लढविल्या पाहिजेत.