बीपी होता म्हणून गेला, की बीपीची गोळी बंद होती म्हणून? कोरोनाच्या आकड्यांतून काय दिसतं

मैंदर्गी (ता. अक्कलकोट) : देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू मुंबई-दिल्लीच्या माणसाचा नव्हता. तो आपल्या शेजारच्या कलबुर्गीच्या ७६ वर्षांच्या गृहस्थांचा होता. सौदी अरेबियाहून परतलेले हे गृहस्थ १० मार्च २०२० ला वारले. त्यांना रक्तदाब आणि दमा होता, हे सरकारने तेव्हाच जाहीर केलं होतं. पुढे महिनाभराने, १२ एप्रिलला, सोलापूर शहरात पहिला रुग्ण सापडला आणि बघता बघता साथ तालुक्यांत, वाड्या-वस्त्यांवर पोचली.

तेव्हापासून मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट भागात कट्ट्यावर एक वाक्य ठरून गेलंय : "त्याला बीपी होता, म्हणून गेला." २०२५ च्या मे-जूनमध्ये राज्यात कोरोनाचे रुग्ण थोडे वाढले तेव्हा हेच वाक्य पुन्हा ऐकू आलं. या वाक्यात खरं किती आणि अर्धवट किती, हे एकदा नीट बघायला हवं. कारण त्यावरून माणसं दोन उलट्या चुका करतात. काही जण बीपी आहे म्हटल्यावर हातपाय गाळतात. काही जण भीतीने गोळीच बंद करतात.

दवाखान्यात भरती झालेल्यांचं काय झालं?

सुरुवातीच्या काळातला एक मोठा हिशोब चीनमधल्या वुहानचा. तिथल्या हुओशेनशान रुग्णालयात फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये भरती झालेल्या २,८७७ कोरोना रुग्णांची माहिती डॉक्टरांनी तपासली. त्यात ८५० जणांना आधीपासून रक्तदाब होता, म्हणजे दहात जवळजवळ तीन.

रक्तदाब असलेल्या १०० रुग्णांमागे ४ दगावले. रक्तदाब नसलेल्यांत हे प्रमाण १०० मागे १.१ होतं. वय आणि इतर आजारांचा फरक हिशोबातून वजा केला तरी बीपीवाल्यांचा धोका साधारण दुप्पट निघाला.

आता हाच आकडा उलट्या बाजूने वाचा. भरती झालेल्या १०० बीपीवाल्यांपैकी ९६ जगले. "बीपी आहे म्हणजे संपलं" असं हा आकडा सांगत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. त्या ८५० पैकी ७१० जण गोळ्या घेत होते आणि १४० जण बीपी असून गोळी घेत नव्हते. गोळी घेणाऱ्यांत १०० मागे ३.२ मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत ७.९. म्हणजे दुपटीहून जास्त. १४० हा आकडा फार मोठा नाही आणि गोळी न घेणारा माणूस बाकीच्या बाबतीतही तब्येतीकडे दुर्लक्ष करणारा असू शकतो, हे मान्य. तरी दिशा साफ दिसते.

मग वयाचं काय?

इथे एक घोळ होतो. बीपी बहुतेक करून वय झालेल्या माणसांना असतो आणि कोरोनाने जास्त मारलं तेही वय झालेल्यांनाच. मग मारलं कोणी, वयाने की बीपीने?

याचं उत्तर शोधायला इंग्लंडमध्ये १ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांच्या दवाखान्याच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात वय हाच सगळ्यात मोठा धोका ठरला. ८० च्या वरच्या माणसाला पन्नाशीतल्या माणसाच्या तुलनेत वीसपट धोका. ताब्यात नसलेली शुगर, जास्त वजन, किडनीचा आजार यांनीही धोका बराच वाढला. वय आणि हे बाकीचे आजार बाजूला काढल्यावर नुसत्या बीपीचा वेगळा वाटा फारसा उरला नाही. मात्र सत्तरीच्या आतल्या लोकांत बीपीमुळे धोका वाढलेला दिसला.

दोन्हीकडचे निकाल वेगळे वाटतात, पण मोजणीही वेगळी होती. वुहानमध्ये फक्त भरती झालेले रुग्ण मोजले, इंग्लंडमध्ये सगळी जनता. दोन्ही एकत्र ठेवले तर अर्थ असा निघतो : बीपी एकटा असेल आणि ताब्यात असेल तर तो तेवढा घातक नाही. पण अनेक वर्षं मोकाट सुटलेल्या बीपीने हृदय, किडनी आधीच खराब केली असेल आणि जोडीला शुगर असेल, तर कोरोना तिथेच घाव घालतो.

सरकारनेही लसीच्या वेळी असाच विचार केला होता. १ मार्च २०२१ पासून ६० वरच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या आजारी लोकांना लस सुरू झाली. त्या आजारांच्या यादीत नुसता बीपी नव्हता. बीपीसोबत हृदयाचं दुखणं, लकवा किंवा दहा वर्षांहून जुनी शुगर असं काहीतरी लागत होतं. तेव्हा बरेच जण केंद्रावरून चिडून परतले. महिनाभराने, १ एप्रिलपासून, ४५ वरच्या सगळ्यांना लस खुली झाली.

शरीरात नेमकं काय होतं?

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. ड्रिपच्या लाईनवर दाब कायम जास्त ठेवला तर काय होतं? पहिल्या दिवशी काहीच नाही. पण हळूहळू जॉइंट ढिले होतात, फिल्टर खराब होतो आणि मोटरीवर ताण येतो. शरीरात नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या, फिल्टर म्हणजे किडनी आणि मोटर म्हणजे हृदय.

कोरोनात फुप्फुसाला सूज येते आणि रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो. मग हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्तात गुठळ्या व्हायची शक्यता वाढते, किडनीवर भार येतो. धडधाकट मोटर हा ताण सोसते. आधीच दमलेली मोटर बसते.

आणखी एक गोष्ट. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना स्टेरॉइड दिल्याने मृत्यू कमी झाले, हे २०२० च्या जूनमध्येच सिद्ध झालं. पण स्टेरॉइडने शुगर आणि बीपी दोन्ही वाढतात. म्हणून भरती करताना "आमच्या अण्णांना बीपी आहे, ही गोळी चालू आहे" हे डॉक्टरांना सांगणं फार महत्त्वाचं. गोळीचं पाकीट सोबत नेलं तर सगळ्यात चांगलं.

गोळी बंद करायची अफवा कुठून आली?

कोरोनाचा विषाणू शरीरात शिरताना पेशीवरच्या एका ठरावीक दरवाजातून शिरतो. बीपीच्या काही गोळ्या (लोसार्टन, टेल्मीसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल) याच यंत्रणेवर काम करतात. त्यामुळे या गोळ्यांनी तो दरवाजा जास्त उघडत असेल का, अशी शंका मार्च २०२० मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडली. शंका मांडणं चूक नव्हतं. पण व्हॉट्सअॅपवर शंकेची बातमी झाली आणि बातमीचा सल्ला झाला. हृदयरोग डॉक्टरांच्या युरोप-अमेरिकेतल्या संघटनांनी त्याच महिन्यात सांगितलं, की गोळी बंद करू नका. तो निरोप मात्र गावापर्यंत तेवढ्या वेगाने आला नाही.

पुढे ब्राझीलमध्ये याची सरळ परीक्षा झाली. अशा गोळ्या घेणाऱ्या ६५९ कोरोना रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची गोळी ३० दिवस थांबवली, दुसऱ्याची चालू ठेवली. मृत्यू थांबवलेल्यांत २.७ टक्के, चालू ठेवलेल्यांत २.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. गोळी बंद करून फायदा शून्य. विषय तिथेच मिटला.

एक अपवाद लक्षात ठेवा. रुग्ण फार गंभीर झाला की बीपी एकदम खाली जातो. तेव्हा दवाखान्यात डॉक्टर स्वतः गोळी थांबवतात. तो निर्णय डॉक्टरांचा, घरच्यांचा नाही.

सीमाभागाची अडचण

मैंदर्गीला नगरपरिषद आहे, पण जगणं शेतीचं आहे. मोठं दुखणं निघालं तर अक्कलकोट, तिथून सोलापूर, नाहीतर कर्नाटकात जायचं. लॉकडाऊनमध्ये एसटी थांबली, राज्याच्या सीमा बंद झाल्या. ज्यांची गोळी सोलापूर किंवा कलबुर्गीहून यायची, त्यांचे हाल झाले. बीपी, शुगरच्या जुन्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधं आशाताई आणि उपकेंद्रामार्फत द्यावीत, अशी केंद्राची सूचना एप्रिल २०२० मध्येच निघाली होती. पण ज्याची नोंदच सरकारी वहीत नाही, त्याला औषध मिळणार कसं? खासगीत एकदा दाखवून मेडिकलमधून परस्पर गोळी आणणारे या यादीत कधीच नव्हते.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी ताप, ऑक्सिजन तपासला आणि जुने आजार विचारले. पण ज्याने बीपी कधी मोजलाच नाही, तो "काही नाही" असंच सांगणार. देशात १५ वर्षांवरच्या साधारण २१ टक्के बायकांना आणि २४ टक्के पुरुषांना बीपी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. म्हणजे चार-पाच माणसांत एक. आणि बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही.

आता करायचं काय?

- तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी बीपी मोजा. उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात पैसे लागत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत आहेत.
- मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- "डोकं दुखलं तर गोळी घेतो" हे बंद करा. बीपीची गोळी रोजची असते. बरं वाटतंय म्हणून ती बंद करू नका.
- ठेचा, लोणचं, पापड, चटणी यातून मीठ नकळत जातं. दिवसाला माणशी एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, याच्या आत मीठ ठेवा.
- ताप-खोकला असताना ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तर घरी थांबू नका, दम लागत नसला तरी.
- घरात किमान पंधरा दिवस पुरेल एवढी गोळी शिल्लक ठेवा आणि आपलं नाव आशाताईंच्या यादीत घाला.

पुढची साथ कोरोनाचीच असेल असं नाही. पण साथ कोणतीही आली तरी रस्ते आधी बंद होतात आणि दवाखाने आधी भरतात. वय कोणाला कमी करता येत नाही. बीपी मात्र आज, गावातल्या गावात, फुकट मिळणाऱ्या गोळीने ताब्यात ठेवता येतो. आपल्या घरातल्या आप्पा-अव्वांचा बीपी शेवटचा कधी मोजला होता, एवढं आज विचारून घ्या.